विहिरीच्या वेलाची लेकरं

साखरखेर्डा
१० जुलै २०२५

मंजुळा,

निवृत्ती भाऊजी आज पहिल्या गाडीने मेहकरहून आले ते हातात पापडांची पिशवी, अंगात तू शिवून घेतलेला नवा सदरा आणि तोंडात मिठाची गुळणी घेऊन. मी विचारलं, "काय म्हणाली?" तर म्हणतात, "काई नाई म्हणे."

"काही नाही असं म्हणाली, की काहीच म्हणाली नाही?"

"वहिनी, तुमच्या दोघीच्या मंधात मी पोस्टमन हाओ का वकील, हे एकडाव ठरवून द्या बरं."

आता नवऱ्यालाच बायकोचा निरोप सांगता येत नसेल तर मी तरी काय करणार? म्हणून हे पत्र. फोन तू माझा उचलत नाहीस. भाऊजींचा पहिल्याच घंटीला उचलतेस, ते मी पाहिलं आहे. तुला सलग वाचायचा कंटाळा, तेव्हा शेजारची राखी वाचून दाखवेल. राखीला माझे आशीर्वाद सांग.

कामाचं तेवढं लिहिते. विहिरीजवळच्या पट्ट्यात कर्टुल्याचे एकशे चाळीस वेल तारांवर चढले आहेत. पानं अशी की बघत राहावं. पंधरा दिवसांपासून रोज दिवेलागणीला पिवळी फुलं उमलतात, एवढी की शेषराव कुंपणापलीकडून म्हणाला, "जाऊबाई नसल्या तरी मळा हसून राह्यला." फुलं सगळी येतात. कर्टुलं मात्र एक धरत नाही. उमललेलं फूल तिसऱ्या दिवशी देठासकट पिवळं पडतं आणि गळतं. सरीत नुसता पिवळा सडा.

तू बांधावरच्या वीस-बावीस वेलांवरून टोपल्यांनी कर्टुली काढायचीस. कोणतं खत घालायचीस? राख? ताक? तू भल्या पहाटे एक फूल हातात घेऊन बांधावर फिरायचीस, तेवढं मला आठवतं. पण ती तुझी भाबडी पूजा, तिचा इथे संबंध नाही. खताचं काय ते सांग.

आणि एक. एका शब्दावरून घर सोडून जाणं हे शहाण्या बाईचं लक्षण नव्हे. तो शब्द मी वेलाबद्दल बोलले होते. त्या दिवशी विहिरीपाशी बोलणं चाललं होतं ते वेलांचंच, दुसरं कशाचं नव्हतं.

उत्तर ताबडतोब कळव. फुलं वाट बघत नाहीत.

संजीवनी


साखरखेर्डा
१७ जुलै

मंजुळा,

आज पुन्हा पापड. या घरात आता पापड इतके झाले आहेत की ह्यांनी काल विचारलं, "मंजुळेनं उत्तर धाडलंय का, ते भाजून पाहू का?" तुझ्या भासऱ्यांना या वयात विनोद सुचू लागले आहेत. दोन दादल्यांचा स्वयंपाक करून माझे हात भरून येतात आणि हे वर विनोद करतात.

कृषी विभागातला एक तरुण येऊन गेला. त्याने मोटारसायकलवरूनच मळा पाहिला आणि तीन बाटल्यांची नावं लिहून दिली. तिन्ही फवारल्या. पानं आणखी हिरवी झाली. शेषरावही आता माझ्याच बोकांडी बसला आहे, कारण त्याने माझ्याकडूनच छाट नेऊन लावले होते आणि त्याच्याकडेही तेच: फुलं भरपूर, फळ शून्य. "वहिनी, तुमी कानवेंटात शिकल्या म्हनून मी डोळे झाकून नेले," म्हणतो. जसं काही कॉन्व्हेंटात कर्टुली पिकवतात.

पण माझं कुठे चुकलं ते मला अजून कळत नाही. गेल्या श्रावणात मी तुला अंगणात बसवून समजावलं होतं, ते आठव. बी लावलं तर काय उगवेल याचा भरवसा नाही, कारण बी म्हणजे दोघांचा मेळ. लेकरू आईवर जाईल की बापावर, कोण सांगणार? छाटाचं तसं नाही. विहिरीकडच्या वेलाची दोन पेरांची काडी कापली, खालचं पेर ओल्या मातीत पुरलं, की त्या पेराशी झोपलेल्या पेशी जाग्या होतात आणि मुळं धरतात. उगवतो तो नवा वेल नव्हे. तोच वेल, दुसऱ्या जागी. त्यालाच क्लोन म्हणतात. ऊस आपण असाच लावतो, केळीचं मुनवं असंच लावतो, फक्त नाव घेत नाही.

हे मला सिस्टर बेनेडिक्टाने शिकवलं होतं, नागपूरला, शाळेच्या मागच्या बागेत. उंच बाई, पांढऱ्या झग्याच्या कडेला कायम चिखल. गुलाबाची काडी तिरकी कापायची, खालची पानं काढायची, वाळूत खोचायची. आम्ही नववीच्या मुलींनी एकाच झाडाच्या साठ काड्या लावल्या होत्या. पुढच्या वर्षी सगळ्या बागेत एकच गुलाब, एकच वास. सिस्टर म्हणाली, "मुलींनो, ही साठ झाडं नाहीत. एकाच झाडाने साठ ठिकाणी पाय ठेवले आहेत." पन्नास वर्षांत मी ते वाक्य विसरले नाही.

मग विहिरीचा वेल तर बांधावरच्या सगळ्या वेलांत सरस होता. तूच तर त्याला पहिल्यांदा लाल चिंधी बांधलीस. त्याचीच एकशे चाळीस लेकरं आहेत ही. आई एवढी लेकुरवाळी आणि लेकरं अशी का?

तू म्हणशील, ताईनं मलेच इचारलं असतं तर. मग आता विचारते आहे ना! सांग!

संजीवनी


साखरखेर्डा
२५ जुलै

मंजुळा,

तुझ्या नवऱ्याला आवर.

आपली चंद्री होळीत गेली, तेव्हापासून भाऊजी गोठ्यातल्या दुसऱ्या म्हशींशी धड बोलत नाहीत. परवा कोणीतरी त्यांना मोबाइलवर दाखवलं की कर्नालला म्हशीच्या कानाच्या कातडीपासून तशीच्या तशी म्हैस तयार करतात. झालं. सकाळी मी भाकरी थापत असताना समोर येऊन बसले, मांडीवर एक पुडी. पुडीत चंद्रीच्या शेपटीचे केस.

"वहिनी, तुमी इंग्रजीत एक अर्ज लिहून द्या. आपल्या चंद्रीची करून घिऊ."

मी म्हटलं, भाऊजी, या वाळल्या केसांनी काही होत नाही, जिवंत पेशी लागते. जित्या जनावराच्या कानाच्या कातडीचा कण काढतात आणि तो काचेच्या बशीत वाढवतात. मग दुसऱ्या म्हशीचं अंडं घेतात, त्यातलं केंद्रक, म्हणजे ज्यात सगळी ओळख लिहिलेली असते ते, काढून टाकतात आणि त्या रिकाम्या जागी या कातडीच्या पेशीतलं बसवतात. विजेचा हलकासा झटका दिला की ते वाढायला लागतं. मग तिसऱ्याच म्हशीच्या पोटात ठेवतात. शेकडा दोन-चार वेळा साधतं, बाकी वाया. वेलाचं काम सोपं; त्याच्या प्रत्येक पेराला पुन्हा वेल होता येतं. जनावराच्या कातडीला ते विसरायला लावावं लागतं की आपण कातडी आहोत.

सगळं ऐकून घेतलं आणि विचारतात, "मंग थे चंद्रीच असन ना?"

"शिंगं तशीच. दूधही बहुतेक तेवढंच. कपाळावरचा चांद मात्र तसाच पडेल याची खात्री नाही."

"अन् मले ओळखन?"

"कशी ओळखेल, भाऊजी? नवं वासरू असेल ते. त्याला आपला गोठासुद्धा ठाऊक नसणार."

केस पुन्हा पुडीत सारले. मग पुडी बांधता बांधता म्हणाले, "मंग थे चंद्री कायची? दुसरंच कोणी तिचं कातडं पांघरून येईन, अन् मी आपला तिले चंद्री चंद्री करत बसीन."

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "निवृत्ती, मेहकरहून जित्या माणसाच्या कानाचा एक कण आणता येतो का पाह्य. थे नवी मंजुळा निदान तुह्या वहिनीची पातळ भाजी तरी घट्ट करन."

भाऊजी हसले नाहीत. उठून गोठ्यात गेले. मंजुळा, पासष्टीच्या जवळ आलेला माणूस दर बुधवारी एसटीने बायकोला भेटायला जातो आणि गुरुवारी पहिल्या गाडीने परततो. गावात सगळे हसतात. त्याला हसू नये असं मला वाटतं, पण मला सगळ्यांत जास्त राग त्याचाच येतो, कारण तो एकदाही म्हणत नाही की वहिनी, हे तुमच्यामुळं झालं. एकदा म्हणाला असता तर मी त्याच्याशी चांगली भांडले असते.

फुलं अजून गळतातच.

संजीवनी


साखरखेर्डा
३ ऑगस्ट

मंजुळा,

तुला हे सगळं माहीत होतं. पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तिथे बसून तू माझं खत आणि फवारे ऐकून घेतलेस, एक अक्षर लिहिलं नाहीस. एवढी आतल्या गाठीची तू कधीपासून झालीस?

सांगते कसं कळलं. काल संध्याकाळी मी ह्यांचं वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेऊन मळ्यात गेले. एक फूल उलटं करून पाहिलं. पाकळ्यांच्या खाली देठाशी इवलंसं, बोराच्या बीएवढं काटेरी कर्टुलं, जणू आधीच करून ठेवलेलं. दुसरं पाहिलं, तेच. मी चाळीस फुलं पाहिली, मंजुळा. चाळीसच्या चाळीस फुलांच्या पोटात कर्टुलं. नुसता साधा देठ असलेलं, पोट नसलेलं फूल एक नाही.

निंदणीला आलेली झुंबरबाई सरीत तण काढत होती. मी तिला म्हटलं, "झुंबरबाई, मंजुळा पहाटे बांधावर काय करायची गं?"

ती वरही न बघता म्हणाली, "काय करन? नवरदेव फिरवाची."

"म्हणजे?"

"आता माय! नवरदेवाचं फूल तोडाचं अन् एकेका नवरीले लावत जाचं. एक नवरदेव धा नवऱ्याईले पुरते. तिच्या मायनं शिकवलं व्हतं तिले. तुमाले नाई सांगितलं?" आणि मग सगळ्या मळ्याकडे बघून खुरपं टेकून हसली, हसता हसता बसलीच. "बाई, तुमी त नवऱ्याईचंच गाव वसवलं! वऱ्हाड आलं कुठून?"

शिकलेल्या बाईची एवढी फजिती तिने जन्मात पाहिली नसेल.

पपईत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं; कर्टुल्यातही तसंच. सिस्टर बेनेडिक्टाने फुलं चिरून दाखवली होती. परीक्षेत मी आकृती काढली होती, पाचपैकी पाच. आणि मी एका मादी वेलाचे छाट घेतले, एकशे चाळीस वेळा तोच वेल लावला आणि मग त्याला फळ का येत नाही म्हणून बाटल्या फवारल्या. जो गुण एकात, तो सगळ्यांत; जी उणीव एकात, तीही सगळ्यांत. हे मी तुला अंगणात बसवून शिकवलं होतं.

तुझे नर कुठे गेले, तेही लिहायला हवं. श्रावणात कर्टुली लागलेली असताना तू चांगल्या वेलांना लाल चिंध्या बांधायचीस, म्हणजे वेल वाळल्यावर कंद ओळखता यावेत. आणि दोन-तीन वेलांना तुझ्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी. ज्यांना कधी एक कर्टुलं लागलं नाही, त्यांना. संक्रांतीनंतर आपण कंद काढले तेव्हा विहिरीपाशी गोणपाटावर दोन ढीग होते. हिरव्या चिंधीचा ढीग मी पायाने बाजूला सारला आणि उकिरड्यावर टाकायला सांगितलं.

आज सकाळी मी उकिरडा उकरला. पदर खोचून, स्वतः. शेवटी भाऊजी म्हणाले, "वहिनी, उठा आता, लोक पाहून राह्यले." एकही कंद नाही. गावात कोणाच्या कुंपणावर नर वेल नाही. फळत नाही म्हणून सगळ्यांनी उपटले. भाऊजींना रानात पाठवलं, तर मोठ्या अभिमानाने कडवंचीची फुलं घेऊन आले. दिसायला पिवळी असली म्हणून काय झालं!

तेव्हा एवढंच सांग. असा वेल मला कुठे मिळेल? बाकी काही मागत नाही.

संजीवनी


साखरखेर्डा
१२ ऑगस्ट

समीक्षा,

राखी या वैशाखातच लग्न होऊन वाशीमला गेली. हे मला पहिलं पत्र लिहितानाच ठाऊक होतं. तू आईला ही पत्रं वाचून दाखवतेस हेही ठाऊक होतं. तुझं नाव लिहायला हात उचलत नव्हता, म्हणून राखीला मध्ये घातली. आता वाचते आहेस तशीच वाचत राहा, आईसमोर, मोठ्याने. कुठे गाळू नकोस.

"बाकी काही मागत नाही" असं मी मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. वेलाचं निमित्त मिळालं म्हणून मी पत्रं लिहायला बसले. फळं लागली असती तर कदाचित मी अजूनही लिहिलं नसतं. अशी मी आहे.

त्या दिवशीचं लिहिते. तू दिवाळीला दोन बॅगा घेऊन आलेली होतीस. संसाराची सात वर्षं, तीन डॉक्टर, आणि सासरची माणसं. आपण कोणीच तुला काही विचारलं नव्हतं. विहिरीपाशी तुझी आई म्हणत होती, "ताई, थे हिरवेवाले बी राहू द्या. लागतात थे." मला घाई होती, मला एकाच जातीचा सुबक मळा हवा होता, आणि अडाणी माणसाने मला शिकवलेलं मला सहन होत नव्हतं. मी म्हटलं, "जे फळत नाही ते पोसायचं कशाला? वांझोट्याला या मळ्यात जागा नाही."

तू चहाचा ट्रे घेऊन आईच्या मागे उभी होतीस.

मी सगळ्यांना सांगितलं की मी तुला पाहिलं नव्हतं. समीक्षा, मी तुला पाहिलं होतं. "पोसायचं कशाला" म्हणाले तेव्हाच दिसलीस. वाटलं, आता थांबले तर तुझ्याकडे बघून थांबल्यासारखं होईल, सगळ्यांच्या लक्षात येईल. म्हणून वाक्य पुरं केलं. उलट जास्तच जोरात केलं. असा शहाणपणा मला नेहमीच ऐन वेळी सुचतो.

तू ट्रे खाली ठेवलास, कप सरळ केलेस आणि घरात गेलीस. सकाळी तुम्ही दोघी पहिल्या गाडीने गेलात. मी चुलीपाशी बसून राहिले. अडवलं नाही. वाटलं, दोन दिवसांत येतील.

आता तुझ्या आईला माहीत असलेलं पण तुला कधी न सांगितलेलं. तो शब्द मी अकरा वर्षं ऐकला आहे. तुझ्या आजीला तो नुसता डोळ्यांनीसुद्धा म्हणता येत असे. डोहाळजेवण असलं की मला पाणी आणायला विहिरीवर पाठवायची, आणि विहिरीत पाणी असायचं तेवढं मी शेंदत बसायचे. मग तू झालीस. सव्वा महिन्यानं तुझी आई तुला घेऊन माझ्या खोलीत आली, तुला माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "घ्या ताई, तुमची. रातची मले झोपू देत नाई, दिवसा तुमी पाहा." एवढंच. जणू भाजी निवडायला दिली. तेव्हापासून तू मला मोठीमाय म्हणायला लागेपर्यंत, आणि नंतरही, घरात माझ्यासमोर तो शब्द कोणी उच्चारला नाही. तुझी आई उच्चारू देत नसे. तुझ्या आजीलासुद्धा एकदा तिने ताटावरून उठून सुनावलं होतं.

त्या बाईसमोर, तिच्या लेकीला, तो शब्द म्हणणारी मी.

मला वाटलं असावं, शब्द माझ्याच अंगावर वाढलेला आहे, तो माझ्या मालकीचा, मी कसाही वापरीन. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण शोधत बसले तर ते मला सापडेलच, मी तेवढी शिकलेली आहे.

चुकले, बेटा. मंजुळा, चुकले.

मळ्यात फुलं गळू देत. तो विषय आता राहू दे.

तुझी मोठीमाय


साखरखेर्डा
२० ऑगस्ट

मंजुळा आणि समीक्षा,

गेल्या गुरुवारी भाऊजी पहिल्या गाडीतून उतरले ते डबा दोन्ही हातांत धरून, जसा काही त्यात नाग असावा. वाटेत एका बाईने सीटवर ठेवा म्हटलं तर तिच्यावर खेकसले म्हणे. चार पुडांतल्या वरच्यात ओलं फडकं, फडक्यात अकरा फुलं. मी एक उलटं करून पाहिलं. साधा देठ. पोटात काही नाही.

मी तिथेच ओट्यावर बसले.

चिठ्ठी नंतर दिसली. अक्षर समीक्षाचं, बोल तुझे, मंजुळा, पुन्हा इथे उतरवून काढते, कारण ती चिठ्ठी मी दहादा वाचली आहे: "ताईले माहीत असावं म्हनून. हे थेच वांझोटं हाय. जाताना उकिरड्यावरून उचलून पदरात घेतलं व्हतं. तेलाच्या डब्ब्यात लावलं, आता पत्र्यावर चढलं. रोज धा-बारा फुलं येतात. मळ्यात जागा नसन त डब्बा वापस धाडा."

आणि खाली दुसऱ्या पेनाने एक ओळ: "मोठीमाय, पाकळ्या मागे मुडपून देठाला धरून लावायचं, घासायचं नाही."

म्हणजे तुम्ही दोघींनी एका खोलीत, पत्र्याखाली, उन्हाळाभर त्याला पाणी घातलं. कधी एक कर्टुलं देणार नाही हे ठाऊक असून.

मी घासलं नाही. सांगितलं तसंच केलं. अकरा नवरदेव, बावन्न नवऱ्या. झुंबरबाई मागून मंगलाष्टकं म्हणत होती, तिला कितीदा दटावलं. शेषराव कुंपणावरून विचारत होता की त्याच्याकडे वऱ्हाड कधी येणार. बावन्नांपैकी एकेचाळीस धरली. आज लिंबाएवढी झाली आहेत, काटे अजून मऊ आहेत. बाकी मळा त्या दिवशीही गळत होता, आजही गळतो.

आता अडचण सांगते. कंद थंडीत, वेल झोपला की मगच हलवता येईल. त्याची जागा मी केली आहे. पहिल्या ओळीत, विहिरीला लागून, विहिरीच्या वेलाच्या शेजारी. खड्डा ह्यांनी खणला आणि कंबर धरून बसले. पण थंडी लांब आहे. तोवर फुलं आणायची कशी? भाऊजी फक्त बुधवारी जातात, आणि वेलाला वार कळत नाही. फूल दिवेलागणीला उमलतं, पहाटे खुडावं लागतं आणि पहिल्या गाडीने इथे पोचवावं लागतं. म्हणजे जो कोणी आणेल त्याला आदल्या संध्याकाळीच मेहकरला मुक्कामाला जावं लागणार. रोज. सप्टेंबर संपेपर्यंत.

मी काल रात्री जेवताना हे दोघांपुढे मांडलं. भाऊजी म्हणाले, "मी जातो ना रोज!" त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी म्हटलं, तुम्हाला म्हशी आहेत. धारा कोण काढणार, मी? हे म्हणाले, "बायकाईले एसटीत अर्धं तिकीट हाय," आणि पुढचा घास घेतला. तेहेतीस वर्षं शाळेत मुख्याध्यापकी केलेल्या माणसाने एवढ्या थोडक्यात बोलावं याचंच मला नवल वाटलं.

परवा पोळा. पुरणाचं ह्या दोघांनी काय ते बघावं. सांगून ठेवलं आहे की डाळ डब्यात आहे, गूळ फडताळात आहे, आणि अक्कल जिथे असेल तिथून शोधून काढा.

तर हे पत्र भाऊजींच्या हाती देत नाही. स्वतःच घेऊन येते आहे. संध्याकाळच्या गाडीत बसून शेवटच्या या ओळी लिहिते आहे, अक्षर हलतं त्याला इलाज नाही. पिशवीत रिकामा डबा आहे. रिकामा कसा द्यावा, म्हणून त्यात त्या एकेचाळिसांतली पहिली सात कर्टुली घातली आहेत, कोवळीच आहेत पण तुम्ही आधी खायला हवीत. अंथरूण आणलेलं नाही. पत्र्याखाली वेलाच्या डब्याशेजारी जागा असेल तेवढी पुरे.

समीक्षा, दार उघडशील तेव्हा मी काही बोलू शकेन असं वाटत नाही, म्हणून कागद हातात देईन. उंबऱ्यातच वाच, आत आईला ऐकू जाईल असं. मी पायरीवर उभी राहीन.

हेही थेच वांझोटं आहे. खोलीत जागा नसेल, तर वापस धाड.

मोठीमाय